कात्सुए सेन्सेईंचा चहा

कात्सुए मिनागावाला आमच्या गल्लीत कोणी खोटारडी म्हणणार नाही. बसमध्ये कोणाची छत्री राहिली तर ती डेपोपर्यंत नेऊन देणारी ही बाई. वय सदुसष्ट. त्यातली एकोणचाळीस वर्षं यावाताहामाच्या बंदरामागे, ओचींच्या कारखान्यात कढईसमोर उभं राहण्यात गेली. कारखाना म्हणजे काय, दहा बायका, दोन वाटणयंत्रं आणि चार मोठ्या कढया. बोटभर लांबीचे मासे काट्यांसकट वाटायचे, गोळा चपटा करायचा आणि तळायचा. याला जाकोतेन म्हणतात. यावाताहामात तो सगळ्यांना आवडतो, आणि ज्याला आवडत नाही तो तसं सांगत नाही.

अशा या बाईने आयुष्यात एकच थाप मारली, आणि तीसुद्धा तोंड न उघडता.

झालं असं. शाळेत असताना तिला ब्राझीलमधल्या लोंद्रिना गावची एक पत्रमैत्रीण मिळाली, नेउझा. नेउझाची आजी मूळची इथलीच, चौदाव्या वर्षी बोटीत बसून तिकडे कॉफीच्या मळ्यात गेलेली. आजीने नातीला आपली भाषा शिकवली, साधी लिपी गिरवून घेतली आणि गावच्या शाळेला पत्र टाकून तिच्यासाठी एक मैत्रीण मागितली. ती कात्सुए. एकविसाव्या वर्षी कात्सुएने आमच्या जपानी चहाच्या विधीचा, म्हणजे शिस्तीत चहा घुसळून पाहुण्याला द्यायच्या कलेचा, वर्ग लावला आणि मोठ्या कौतुकाने पत्रात कळवलं. तीन महिन्यांत शिक्षिकेने तिला गोड बोलून घरी पाठवलं, कारण तिने दोन वाडगे फोडले होते आणि तिसरा हातात घेतला होता. हे कळवायचं तेवढं राहून गेलं. वर्षभराने नेउझाने विचारलं, 'आता तूच शिकवायला लागली असशील, नाही?' कात्सुएने उत्तरात समुद्रावरच्या धुक्याचं दोन पानं वर्णन केलं. 'नाही' म्हणायची आमच्याकडे हीच रीत आहे. समोरच्याने प्रश्न विचारला आणि तुम्ही हवापाण्यावर बोलू लागलात की तो समजतो आणि विषय सोडतो. पण लोंद्रिनात ही रीत पोचलेली नव्हती. पुढच्या पाकिटावर पत्ता आला, 'कात्सुए सेन्सेई' यांस. सेन्सेई म्हणजे गुरू, मास्तरीण. कात्सुएने ते पाकीट दोन दिवस टेबलावर उभं करून ठेवलं. आवडलं तिला ते, उगाच कशाला लपवा.

तिथून पुढे सगळी धुक्याचीच पत्रं. नेउझा मात्र सगळं लिहायची. ती बाजारात पास्तेल विकायची, म्हणजे सारण भरून तळलेल्या मोठ्या करंज्या. चौऱ्याऐंशी साली तिने विचारलं, 'पास्तेल कढईत फुटतात, तेल उडतं, हात भाजले, कोणाला काही उपाय माहीत असेल का?' कात्सुएला उपाय माहीत होता. यावाताहामात तिच्याइतका कोणालाच माहीत नव्हता. पण चहाच्या मास्तरणीला तळणातलं कसं कळणार? तिने शरदातल्या चंद्रावर लिहिलं.

इथवर गंमत होती. एक्क्याण्णव साली नेउझाचं पत्र आलं की इकडे दिवस वाईट आलेत, आम्हा जपानी वंशाच्या लोकांना आता तिकडे कामाला येता येतं, तुझ्या गावात कारखाना आहे का, मिल्टनला आणि मला काम मिळेल का? मिल्टन तिचा नवरा. कारखाना होता. बायका मिळत नाहीत म्हणून थोरले ओची रोज कपाळाला हात लावत होते. आणि कात्सुएने लिहिलं, 'आमच्या गावात कारखाने नाहीत. मंदिरं आहेत, संत्री आहेत आणि चहा.' मग मिल्टन एकटाच आला, दुसऱ्याच शहरात मोटारींचे भाग जोडायला लागला आणि दोन वर्षांत तिथेच त्याने दुसरं बिऱ्हाड थाटलं. आपल्या एका ओळीने मैत्रिणीचा संसार मोडला, हे कात्सुएच्या मनाने तेव्हा जे घेतलं ते घेतलंच.

म्हणून यंदा नोव्हेंबरात नेउझाचा फोन आला, 'तीन आठवडे येतेय, आयुष्यात पहिल्यांदा', तेव्हा कात्सुएला आनंद झाला आणि धडकीही भरली, एकदमच. नेउझाने कारखाना पाहिला तर तिला ते पत्र आठवणार. आणि ते आठवलं की पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण हातची जाणार.

तिने शेजारच्या फुसानोला गाठलं. यंदा गल्लीच्या प्रमुखपदाची पाळी फुसानोकडे होती.

"म्हणजे तू तीन आठवडे चहाची मास्तरीण," फुसानो म्हणाली. "एवढंच ना?"

"हळू बोल. आणि कोणाला सांगू नकोस."

"मी? माझ्या पोटात काय काय दडलंय ते तुला ठाऊक नाही."

"सगळं ठाऊक आहे. तूच सांगितलंयस."

तिसऱ्या दिवशी गल्लीची फिरती फळी आली. या फळीला सूचनांचा कागद लावलेला असतो. प्रत्येक घराने तो वाचून आपला शिक्का उमटवायचा आणि पुढच्या दारात ठेवायचा. 'गुरुवारी काचेच्या बाटल्या' आणि 'उंदरांचं औषध' यांच्या मधोमध फुसानोच्या सुबक अक्षरात, नावामागे मानाचं 'सान' लावून, लिहिलं होतं: 'मिनागावा-सानकडे ब्राझीलहून पाहुण्या येत आहेत. तीन आठवडे सर्वांनी मिनागावा-सानना सेन्सेई म्हणावे. कारखान्याचा उल्लेख टाळावा. कारण विचारू नये.' अकरापैकी दहा घरांचे शिक्के उमटले होते. अकरावं घर कात्सुएचं. काय करणार बिचारी? शिक्का उमटवला आणि फळी फुसानोच्या दारात नेऊन ठेवली.

शुक्रवारी नेउझा बसमधून उतरली ती पिवळा कोट घालून, आणि उतरल्या उतरल्या कात्सुएच्या गळ्यात पडली. कात्सुएचा नवरा गेला तेव्हासुद्धा तिला कोणी मिठी मारली नव्हती. लोक चार हात लांबूनच वाकले होते. हात कुठे ठेवायचे तेच तिला कळेना. शेवटी तिने ते नेउझाच्या पाठीवरल्या पिशवीवर ठेवले.

नेउझाचं नाक-डोळे सगळं आमच्यासारखं, त्यामुळे लोक तिच्याकडून आमच्यासारख्याच वागण्याची अपेक्षा करायचे आणि तोंडावर आपटायचे. तिचं अर्धं वागणं लोंद्रिनाच्या बाजारातलं आणि अर्धं तिच्या आजीचं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं. बोलणं तर थेट आजीचंच. औषधाच्या दुकानातली पोरगी तोंडावर हात धरून हसली. मासळीवाल्या म्हाताऱ्याच्या मात्र डोळ्यांना पाणी आलं. त्याची आजी अशी बोलायची.

"आगं माये, कात्सुए!" पहिल्याच सकाळी ती संडासातून ओरडली. "म्या आत पाय टाकला आन् ह्येचं झाकण आपसूक उघडलं की गं!"

"ते तसंच असतं."

"म्या त्येला नमस्कार केला. बरूबर केलं न्हवं?"

तिकिटाच्या यंत्राने 'आभारी आहोत' म्हटलं की ती त्याला उलट आभारी आहोत म्हणायची, आणि मागे रांग थांबायची. टपाल कार्यालयात तिने जमिनीवर गुडघे टेकून कपाळ लावलं, तेव्हा काउंटरमागचे तिघेही घाईघाईने खाली बसले आणि बराच वेळ काउंटरच्या दोन्ही बाजूंना कोणीच दिसेना.

सार्वजनिक न्हाणीघरात तर कमाल झाली. आजीने सांगितलेलं की न्हाणीत बायकांनी एकमेकींच्या पाठी चोळायच्या. हे आता कोणी करत नाही. नेउझा आत शिरली ती बँक मॅनेजरच्या बायकोच्या मागे जाऊन बसली.

"बस गं लेकी, वळू नगं," म्हणत तिने पाठ चोळायला घेतली.

मॅनेजरीणबाई ताठ झाल्या. "आज... आज भिंतीवरच्या फरशा किती छान दिसतायत," त्या म्हणाल्या. याहून स्पष्ट नकार आमच्याकडे नसतो. कात्सुए हौदात हनुवटीपर्यंत बुडाली.

"दिसत्यात खऱ्या," नेउझा म्हणाली आणि खांद्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरीणबाई त्याच वेळेला आल्या, त्याच जागी बसल्या आणि पाठ नेउझाकडे करून फरशांकडे बघू लागल्या.

इकडे गल्ली आपलं काम चोख करत होती, इतकं चोख की कात्सुएला पळून जावंसं वाटे. जो तो 'सेन्सेई, सेन्सेई' करत वाकायचा. वीजदुरुस्तीवाला शिडीवरून उतरून वाकला. सहाव्या दिवशी तर नेउझाच्या देखतच कारखान्याचे आताचे मालक, धाकटे ओची, स्वतः दारात उभे, काळा कोट, टाय, पायांत मात्र घाईत राहिलेले कारखान्याचे पांढरे रबरी बूट.

"सेन्सेई," ते म्हणाले, "वर्गाची फार अडचण झालीय. ऐन मोसमात दोन विद्यार्थिनी आजारी पडल्यात आणि दुपारी बोटीवर चारशे... चारशे वाडगे चहा पाठवायचाय. तेल, म्हणजे पाणी, तापून तयार आहे."

"मी सुट्टीवर आहे, ओची-सान."

"दोनच तास, सेन्सेई. चहा काळा पडतोय हो!"

कात्सुए गेली. परत आली तेव्हा नेउझाने नाक वर करून वास घेतला. "तुज्या चहाला तळणाचा वास मारतुया."

"यंदा पानं जरा कडक भाजलीत," कात्सुए म्हणाली आणि डोकं धुवायला गेली.

आता नेउझाला तो विधी बघायचाच होता. त्यासाठीच तर ती अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती. दुसऱ्या रविवारी गल्लीच्या सभागृहात बैठक ठरली. किटली मंदिरातून आली, वाडगा फुसानोच्या कपाटातून. कात्सुएने दोन दिवस मोबाइलवर बघून बघून सगळं पाठ केलं, आणि माणसं समोर बसल्याबरोबर सगळं विसरली. सणाचे कपडे घालून गल्लीतली सतरा माणसं शिष्य म्हणून ओळीने बसलेली, आणि त्यांतल्या एकालाही यातलं ओ की ठो येत नव्हतं. फुसानोने कानाकानांत सांगून ठेवलं होतं: सेन्सेई करतील ते करा.

कात्सुएने घसा खाकरला. सतरा घसे खाकरले गेले.

तिने किटलीचं वाफाळतं झाकण नुसत्या बोटांनी उचललं. कढईशी आयुष्य काढलेल्या हाताला त्याचं काही वाटलं नाही. मागोमाग फुसानोने उचलायला बघितलं आणि "हूं!" असा आवाज काढून बोटं तोंडात घातली. सोळा जणांनी गंभीरपणे बोटं तोंडात घातली. मग हिरवी पूड, पाणी, बांबूची रवी. घुसळून झाल्यावर कात्सुएचा हात आपोआप वर गेला आणि तिने ती रवी वाडग्याच्या काठावर तीनदा खाडखाड झटकली, झारीतलं तेल निथळायला झटकतात तशी. सतरा जणांनी हवेत तीनदा हात झटकले. वीजदुरुस्तीवाल्याने तर मनगटही फिरवलं.

नेउझा वहीत भराभर उतरवून घेत होती. तिचे पाय कधीच बधिर झालेले. उठायला गेली ती सरळ फुसानोच्या मांडीवर कोसळली, आणि पडल्या पडल्या म्हणाली, "लई देखणं व्हतं गं, सेन्सेई."

परत येताना तिने जे सांगितलं त्याने कात्सुएचे पाय थांबले.

"आमच्या मंडळात बावीस बाया हायती. समद्यांनी वाडगं घेऊन ठिवल्यात. म्या गेल्या गेल्या वर्ग काढणार, कात्सुए सेन्सेईंचा. त्यो तीनदा झटकायचा मान तर म्या समद्यांकडनं दहा-दहा येळा करून घिणार."

कात्सुएच्या डोळ्यांसमोर लोंद्रिनातल्या बावीस म्हाताऱ्या रांगेने बसून खाडखाड करताना आल्या, त्यांच्यामागे त्यांच्या लेकी, त्यांच्यामागे नाती. आपली थाप आपल्याबरोबर मसणात जाईल असा तिचा हिशेब होता. आता ती वंश वाढवणार असं दिसत होतं.

सोमवारी सकाळी सहाला तिने नेउझाला उठवलं. "चल."

"कुठं?"

"वर्गात."

कारखान्याचं दार सरकवलं तशा नऊच्या नऊ बायका कमरेत वाकल्या. "सेन्सेई, सुप्रभात!" आतून धाकटे ओची टाय शोधत धावले. "सेन्सेई! पाहणीला आलात का? या, या. हा कारखाना माझा नाही हो, मीसुद्धा आत्ताच आलोय..."

"ओची-सान, पुरे," कात्सुए म्हणाली. "माझा एप्रन द्या."

तिने एप्रन बांधला, टोपी चढवली आणि तिसऱ्या कढईसमोर उभी राहिली. तळहात तेलावर धरला, आच एक काटा कमी केली, गोळे सोडले. ते फुगून वर आले तशी झारीने उचलले आणि तीनदा खाडखाड झटकले. बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. कात्सुएने मागे वळून पाहिलं नाही. तिची हिंमतच होत नव्हती.

आधी मागून नेउझाचं हसू ऐकू आलं. ती वाटणयंत्राला धरून हसली, खाली बसून हसली, वहीने डोळे पुसत हसली. "तीनदा झटकायचा मान!" ती म्हणाली. "आगं भवाने!"

मग ती उठली, आणि हसू गेलं.

"चौऱ्याऐंशी साली म्या तुला इचारलं व्हतं, पास्तेल फुटत्यात, काय करू. माजं दोनी हात कोपरापातुर भाजलं व्हतं. तुला ठावं व्हतं?"

"होतं."

"आन् तू मला चांदूबा लिवून धाडला!"

"हो."

"म्या त्यो चांदूबा समद्या बाजारात वाचून दावला, हाताला पट्ट्या बांधून!"

ती खरंच चिडली होती. खरं तर कात्सुएला इथेच थांबता आलं असतं. चंद्रावर निभावलं असतं. पण पोटातलं बाहेर पडायला लागलं होतं आणि आता ते तिला आत ठेववेना.

"नेउझा, एक्क्याण्णव साली तू विचारलंस, कारखाना आहे का. हा होता. थोरले ओची माणसं शोधत दारोदार फिरत होते. तुम्हा दोघांनाही काम मिळालं असतं. मी नाही लिहिलं, कारण तू आली असतीस तर मला या कढईसमोर पाहिलं असतंस. मिल्टन एकटा गेला तो माझ्यामुळे. तुझा संसार मी मोडला."

फुसानो तिथे नव्हती हे नशीब.

"मिल्टन?" नेउझा म्हणाली. "त्याचं तू इतकी वरसं डोक्यावर घिऊन बसलीस? आगं, त्यो शेजारच्या खोलीतनं बी गेला असता. लोंद्रिनात आसतानाच त्येची चाल तशी व्हती. त्याचं पाप त्येलाच वाहू दे. तुला कुणी सांगितलंय त्ये वाहायला?"

कात्सुएच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. तिने श्वास घेतला, पण तो पुरता आत जायच्या आधी नेउझा पुढे म्हणाली,

"काम म्या कशापायी मागीन? काम मोठ्या शहरात बक्कळ व्हतं, मिल्टनला तिथंच जायचं व्हतं. त्येच्याशी भांडून म्या ते पत्र लिवलं. म्या काम मागितलंच नव्हतं, कात्सुए. म्या तुज्यापाशी यायला मागत हुते. आन् तू न्हाई म्हणलीस."

हे कात्सुएच्या कधी मनातच आलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ती मिल्टनसाठी झुरली, एका फालतू माणसासाठी, आणि जे खरं गेलं होतं, दोघींनी एका गावात काढायची वर्षं, ते तिचं स्वतःचंही होतं. ती रडली. सगळ्या बायकांसमोर, टोपी घातलेली, हातात झारी. चंद्र, धुकं, फरशा, काही म्हणजे काही मध्ये आणलं नाही.

"हो," ती म्हणाली. "मी नाही म्हणाले. चुकले मी."

नेउझाने तिला रडू दिलं. समजूत घातली नाही, मिठीही मारली नाही. बऱ्याच वेळाने कोटाच्या बाहीने स्वतःचं नाक पुसलं.

"माजं किती दिस ऱ्हायलं?"

"अकरा."

"हितं किती तास उभी ऱ्हातीस?"

"नऊ."

"ओची दादा, मला येक एप्रन."

ओची गोरेमोरे झाले. "बाई, पाहुण्यांना कामाला लावता येत नाही. कायदा आहे. मला दंड होईल."

"काम कोन करतंय? म्या सेन्सेईंकडं चहा शिकतेय."

ओचींनी छताकडे पाहिलं. "आज हवा छान आहे," ते म्हणाले.

"झ्याक हाय," नेउझा म्हणाली आणि खुंटीवरचा एप्रन स्वतःच काढून घेतला. मग ती कात्सुएकडे वळली. "उद्यापास्नं मला बी तुज्यासंगं उठीव. अठ्ठावीस वरसांतलं अकरा दिस तरी दे."

"हो," कात्सुए म्हणाली, चांगलं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि बाजूला सरकून तिने कढईसमोर जागा केली.